चुलतभावाचे गुलाब

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या त्या छावणीत सार्जंट लॅमार टिडवेलशिवाय एकही समारंभ पार पडत नसे. बढती असो, बदली असो, खुर्च्यांच्या रांगा दोरी लावून सरळ करायच्या त्या टिडवेलनेच. निवृत्तीच्या समारंभाचा तर रिवाजच ठरलेला होता. जवानाला पदक, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोला गुलाबांचा गुच्छ. नवरा देशाच्या हवाली करून घर सांभाळल्याबद्दल. टिडवेलने आजवर इतक्या गुच्छांच्या ऑर्डरी दिल्या होत्या की गावातली फुलवाली त्याला मोठा रंगेल गडी समजत असे.

प्रत्यक्षात टिडवेलचा संसार होता ड्यूई हॅम्बीबरोबर. छावणीच्या फाटकाबाहेर ड्यूईचं केस कापायचं दुकान होतं आणि निम्मी पलटण त्याच्यापुढे मान तुकवायची. दोघांचं घर एक, गाडी एक, कुत्राही एकच. कुणी विचारलंच, तर ड्यूई हा टिडवेलचा चुलतभाऊ. पण विचारणार कोण? तेव्हा कायदाच तसा होता. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाने फौजेत खुशाल राहावं, देशासाठी मरावंसुद्धा, फक्त सांगू नये. सांगितलं की हातात नारळ. वरिष्ठांनीही आपण होऊन विचारू नये.

हे न विचारणं म्हणजे खायचं काम नव्हतं. त्यासाठी सगळी पलटण राबायची. कर्नलसाहेबांच्या पत्नी मार्जरीबाई दर उन्हाळ्यात सहलीला ड्यूईच्या हातचं पीचचं कॉबलर नावाचं पक्वान्न दोनदा वाढून घेत आणि टिडवेलला सांगत की तुझ्यासाठी एखादी चांगली मुलगी बघायला हवी. एकदा त्या कर्नलसाहेबांबरोबर टिडवेल-ड्यूईकडे जेवायला आल्या. घर बघता बघता म्हणाल्या, झोपायची खोली एकच दिसते. त्यावर कर्नलसाहेबांना असा काही ठसका लागला की जेवण तिथेच आटोपलं. सार्जंट मेजर बॉग्ज तर या कलेतला उस्ताद. बाजारात ही जोडी दिसली रे दिसली की तो समोरच्या वाटाण्याच्या डब्यावरचा मजकूर वाचायला घेई. बिचाऱ्याला वाटाणे आवडतही नसत.

मग एक दिवस कायदा बदलला. पलटणीला सभागृहात बसवून एका मेजरने पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं की यापुढे सांगितलं तरी चालेल, कुणाची नोकरी जाणार नाही. खुर्च्या अर्थातच टिडवेलने मांडल्या होत्या. शेवटी मेजरने कुणाला काही विचारायचंय का म्हणून पाहिलं. एकही हात वर झाला नाही. कायदा गेला, पण सवय जाते थोडीच?

त्याच हिवाळ्यात टिडवेलची निवृत्ती आली. पहिल्या रांगेत कोण बसणार आणि गुच्छ देताना काय पुकारायचं, असं बॉग्जने छताकडे बघत विचारलं. टिडवेलच्या तोंडून आपसूक निघालं, चुलतभाऊ. बॉग्जचा जीव भांड्यात पडला.

ड्यूईचा मात्र नाही. दुकान बंद करून तो कात्र्या पुसत होता, तेव्हा टिडवेलने जाता जाता सांगावं तसं सांगितलं. ड्यूईचा हात थांबला.

"इतकी वर्षं सरकारने मला तुझा चुलतभाऊ केलं," तो म्हणाला. "तुझ्या नोकरीसाठी मी ते गिळलं. आता सरकारने सोडलं, तरी तू सोडत नाहीस."

"लोक काय म्हणतील, ड्यूई?"

"लोकांची डोकी रोज माझ्याच हातात असतात. मी तुला विचारतोय, तू काय म्हणतोस. चुलतभाऊ म्हणून त्या खुर्चीत मी बसणार नाही, लॅमार."

टिडवेल दोनदा युद्धावर जाऊन आला होता. पण ह्या एका शब्दापुढे त्याची दातखीळ बसली. त्याची कीव करावी की कानाखाली वाजवावी, कळत नाही.

समारंभाच्या दिवशी पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामीच राहिली. ड्यूई आला होता, पण नवा कोट घालून अगदी शेवटच्या रांगेत बसला होता. पदक लावून झालं. बॉग्जने भरदार आवाजात पुकारलं, "सार्जंट टिडवेल यांचे चुलतभाऊ, श्री. हॅम्बी!" गुच्छ घेऊन निघालेला जवान रिकाम्या खुर्चीपाशी येऊन खांबासारखा उभा राहिला. खुर्चीला गुलाब द्यायचा रिवाज नव्हता.

टिडवेलने खुर्चीकडे पाहिलं. मग हुकमाची वाट न पाहता जागा सोडली, जवानाच्या हातातून गुच्छ घेतला आणि मधल्या वाटेने थेट शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. तिथून तो कवायतीच्या आवाजात म्हणाला, "हा माझा चुलतभाऊ नाही. हा माझा जोडीदार आहे. पहिल्यापासून."

ड्यूईने गुच्छ घेतला. आकाश कोसळलं नाही, कुणाला भोवळ आली नाही. बॉग्ज तेवढा अस्वस्थ होता, तोही सार्जंटने हुकमाआधी जागा सोडली म्हणून. मग टाळ्या झाल्या, चांगल्या भरघोस झाल्या, आणि चहापानाला सगळे ड्यूईभोवती जमले. जो तो हेच सांगत होता की आपल्याला कधीपासून माहीत होतं. कर्नलसाहेबांनी ते हसत कबूल केलं, बॉग्जने मान डोलावली. मार्जरीबाईंनी तर ड्यूईचा हात हातात घेतला.

"अरे, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं," त्या प्रेमाने म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

ड्यूईने हात सोडवून घेतला.

"बाई, हा इराकहून परत आला तेव्हा तुम्ही सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे मैदानात धावत गेलात," तो म्हणाला. "मी बाहेर गाडीत बसून होतो. तुम्ही सगळे माझ्या गाडीशेजारूनच घरी गेलात. माहीत होतं ना? मग एकाने तरी काच वाजवायची होती."