फिकी प्रत

मंडळी, आज दुपारी घरच्या प्रिंटरनं मला चांगलंच विचारात पाडलं.

लेकीचा, सोनालीचा बायोडेटा छापायचा होता. शिराळ्याचे मेव्हणे तो न्यायला आलेले. त्यांच्या पाहण्यात एक स्थळ आहे. मी सकाळीच सिरिंजनं कार्ट्रिजमध्ये शाई भरली होती, तरी फोटो फिकाच! हेड क्लीनिंग केलं, फरक नाही. शेवटी सेटिंग उघडलं, तर शाई वाचावी म्हणून मीच लावलेला ड्राफ्ट मोड तसाच होता. तो बदलला आणि फोटो अगदी सोनालीसारखा आला. सावळी, हसरी.

मी खूश. बायको मात्र आधीची प्रत उचलून म्हणाली, "आवं, हीच द्या की. किती उजळ दिसतीया!"

मेव्हण्यांनीही मान डोलावली. "व्हय दाजी, हीच बरी."

सोनालीनं ती प्रत हातात घेऊन नीट पाहिली. "आई, ही कोण हाय? हिचंच लगीन लावा मग." आणि आत निघून गेली.

मी खरी प्रत पाकिटात घालून मेव्हण्यांना दिली आणि सोनालीची समजूत काढायला आत गेलो. बाहेर आलो तोवर गाडी गेली होती. खरी प्रत पाकिटातून काढून टेबलावर ठेवलेली, फिकी गायब.

लगेच फोन लावला. "पाव्हणं, माघारी या."

बायको अजून माझ्यावर रुसून आहे. एवढा वेळ मी बिघाड प्रिंटरमध्येच शोधत बसलो होतो.

तुमच्या घरातून कुठली प्रत गेली असती? खरं सांगा.