खळीचं बोट

बाइंडरबाईंचं बोट कायम तोंडात. इतर माणसं नवल वाटलं की तोंडात बोट घालतात, या मात्र दर पानाला घालत. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, त्याच बोटाने शिवणीवर खळ ओढायची, की पुन्हा बोट जिभेला. सवय आईची. आई बाइंडिंग शिकवताना सांगायची, "कोरड्या बोटाने दोन पानं एकदम उलटतात गं, आणि मग पुस्तक जन्मभर चुकीचं राहतं."

कामाची जागा घराखालच्या तळघरात. लोखंडी प्रेस, पुठ्ठे कापायचं कटर, दोऱ्याची रिळं आणि बुटक्या टेबलापाशी बसायला एक पाट. रस्त्याच्या पातळीवर बोटभर उंचीची एक काचबंद खिडकी होती, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट तेवढे दिसत. उन्हाला आत यायला वाट नव्हती, फोनला रेंज नव्हती. काही हवं असलं की बाई लाकडी हातोडीने वर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर ठोकत. एकदा ठोकलं तर चहा, सारखं ठोकलं तर खाली काहीतरी पडलंय. वरून सून जिना उतरून यायची, आणि चहा असला तर हसत यायची.

पन्नाशीत बाईंच्या नडग्या दुखायला लागल्या. मग मांड्या. जिना चढताना गुडघ्यावर हात टेकून स्वतःला वर ढकलावं लागे. त्यांना धडकी भरली, कारण हे दुखणं त्यांनी पाहिलेलं होतं. आई अशीच आधी वाकली, मग एक दिवस खाटेवरून उठताना तिचा खुबा मोडला आणि ती पुन्हा उभी राहिलीच नाही. नातेवाईक म्हणाले, "तुमच्या घराण्यात हाडंच कच्ची," आणि जेवून आपापल्या घरी गेले.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि सिलिअॅक असल्याचं सांगितलं.

"गव्हातल्या ग्लूटेनने तुमच्या आतड्याचं अस्तर झिजतंय. झिजलेल्या आतड्यातून व्हिटॅमिन डी अंगी लागत नाही, आणि ते नसलं की हाडं मऊ पडतात. गोळ्या देते. रोज उन्हात बसा. पण गव्हाचा कणही पोटात जाऊ देऊ नका, नाहीतर गोळ्या घेऊन न घेतल्यासारख्याच."

"आणि गेला तर?"

"मग हाड मोडायला पडावंही लागत नाही. नुसतं उठताना मोडतं."

बाईंना आईची खाट आठवली.

सुनेने स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. पिठाचा डबा गेला, जुने तवे गेले, बाईंची भांडी निराळी झाली. ती आणि तिचा नवरा आपला पाव बाहेर पायरीवर बसून खात आणि हात धुऊनच आत येत. दुपारी ती सासूला ओढून उन्हात बसवी, बाह्या दुमडून देई. "आई, दहा मिनिटांत काळ्या नाही पडत तुम्ही. आणि पडलात तरी आता कोण बघायला येणार आहे?" बाई हसत. बरेच दिवस दोघींचं छान जमलं.

पुढचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी होतं तिथेच. त्यापुढचा आला, तो आणखी खाली. आता बाईंना पाटावरून उठायला टेबलाचा आधार लागे, आणि चालताना त्या डुलत. भीतीने माणसाची मती फिरते. बाई सुनेच्या हातांकडे बघायला लागल्या, ताट वाढताना, डाव घेताना, पदर सावरताना.

एक दिवस त्यांनी ताट सरकवलं. "माझ्या पोटात गहू येतो कुठून? आभाळातून?"

"आई, मी साबणाने हात धुऊन वाढते."

"धुतेस की धुतल्यासारखं करतेस? मी आडवी झाले की घर तुझंच आहे."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. मुलगा म्हणाला, "आई, पुरे." पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? थोड्याच दिवसांत दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. निघताना सून उंबऱ्यात थांबली. "गोळी जेवणाबरोबर घेत जा. आणि उन्हात बसा." बाईंनी मान फिरवली.

त्यानंतर त्या स्वतःचं स्वतः रांधू लागल्या. भात, बटाटे, अंडी. दुसऱ्या कोणाचा हात नाही. आणि त्या वेळचा रिपोर्ट सगळ्यांत वाईट आला.

"स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच."

"घरात पीठ कुठे येतं?"

"पिठाचा डबासुद्धा नाही हो घरात."

"मग तुमच्याच हातून कुठूनतरी जातंय. नीट आठवा."

बाई घरी आल्या त्या धुमसतच. फोन वर टेबलावर टाकला आणि कठडा धरून तळघरात उतरल्या. शाळेचे जाडजूड शब्दकोश शिवायचे राहिले होते. पातेल्यात खळ शिजवली, पाटावर बसल्या, पहिल्या पुस्तकाला हात घातला. शिवणीवर खळ ओढली, बोट जिभेला लावलं.

जिभेवर काहीतरी गुळचट लागलं.

बोट तसंच राहिलं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तिथे मैद्याचं पोतं होतं, तोंड उघडं, आजूबाजूची फरशी पांढरी. खळ याचीच शिजायची, आयुष्यभर ते तिथेच होतं. पण पीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं. हे तर दोऱ्यासारखं, पुठ्ठ्यासारखं सामान. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईही याच पाटावर बसायची, याच पातेल्यात बोट घालायची. आणि आपण? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. सुनेचा तो पांढरा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना. आत्ता, याच घडीला फोन करायचा. ये म्हणायचं. चुकलं म्हणायचं.

टेबलाचा आधार घ्यायचं भान राहिलं नाही. त्या झटक्यात उठल्या.

खुब्यात कट्‌ असा आवाज झाला. लहानसाच. पुठ्ठ्याची घडी मोडताना होतो तेवढा. पुढच्या क्षणी त्या फरशीवर होत्या आणि डावा पाय त्यांचा राहिला नव्हता.

त्यांनी हाका मारल्या. खिडकीतून बूट येत होते, जात होते. काच बंद होती. हातोडी टेबलावरून खाली घरंगळली होती. कोपरांवर अंग ओढत त्या तिच्यापर्यंत पोचल्या, मग पाइपापर्यंत, आणि ठोकायला लागल्या. न थांबता, सारखं ठोकलं, काहीतरी पडल्यावर ठोकायचं ठरलं होतं तसं.

पाइप वरपर्यंत खणखणत गेला. बाई जिन्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांचा हात थांबला. वर कोणी नव्हतं. त्यांनीच कोणी राहू दिलं नव्हतं.