ढग अलीकडे की पलीकडे

तिला सगळे बटूताई म्हणायचे. दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतकी उंच बाई, आणि नाव बटूताई; कारण ती बटू दीर्घिकांच्या मागे लागलेली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची बेटं, आणि आपल्या आकाशगंगेपुढे ही बटू बेटं अगदीच किरकोळ. त्यातही ताईची लाडकी धातूंच्या बाबतीत पार कंगाल. हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याला हे खगोलशास्त्रज्ञ लोक धातू म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. आता यांच्या नादाला कोण लागणार!

तर ही दीर्घिका कंगाल, पण तिथे तारे जन्मत होते धडाधड. हातावर पोट असलेल्या घरात पाळणा हलायचा थांबू नये, तसं. एवढे तारे घडवायला वायू येतो कुठून, हा ताईचा प्रश्न. संस्थेच्या तळघरात, एसीच्या घरघरीत, शाल पांघरून ती रेडिओ दुर्बिणीची मोजमापं साफ करत बसायची. कुठला वायू आपल्याकडे येतोय, कुठला लांब जातोय, ते त्यातून कळतं. आणि एक दिवस तिला ढग सापडला. वायूचा ढग, आपल्यापासून दूर चाललेला, दीर्घिकेहूनही जास्त वेगाने. म्हणजे बाहेरचा ताजा वायू आत पडतोय! ताईला आभाळ ठेंगणं झालं.

तसं व्हायला कारणही होतं. तिची नोकरी हंगामी. विभागप्रमुख सरांची सही झाली तर पुढचं वर्ष. आणि आई धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली खाट टाकून. भावजय ताट असं आपटायची की पेल्यातलं पाणी हिंदकळावं. फोनवर आई कधी कुरकुरली नाही. एवढंच विचारायची, "झालं का गं पक्कं?"

"होतंय, आई. झालं की त्याच दिवशी न्यायला येते."

पक्की जागा एकच निघाली होती, आणि उमेदवारांनी आपापलं काम सगळ्यांसमोर मांडायचं होतं.

आता या ढगात एक मेख होती. तो दीर्घिकेच्या अलीकडे, आपल्या बाजूला असेल, तर दूर जाताना तो तिच्यात शिरतोय. पलीकडे असेल, तर तोच ढग तिला सोडून पळतोय. वेग तोच, अर्थ उलटा. अलीकडे असला तर ताऱ्यांच्या प्रकाशात त्याची काळी रेघ उमटते. पण ती बघायला दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो. मागू का, असं ताईने सरांना विचारलं.

"कशाला?" सर चष्मा पुसत म्हणाले. "दिसतंय ते पुरे आहे. शंका काढत बसलीस तर जागा हातची जाईल."

इतकं आपलेपणाने म्हणाले की ताईचा जीव भांड्यात पडला. केसाने गळा कापणारी माणसं अशीच मऊ बोलतात, पण हे तिला सांगणार कोण?

भाषणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ताई छान बोलली. मग सरांचा जावई उठला. तोही त्याच जागेचा उमेदवार.

"ढग अलीकडेच आहे, हे कशावरून?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचा आलेख पडद्यावर लावला. मोठ्या दुर्बिणीचा. त्यात काळी रेघ कुठेच नव्हती. ढग पलीकडे होता. फुटलेल्या ताऱ्यांच्या धक्क्याने वायू बाहेर फेकला जात होता. ताईची दीर्घिका होतं नव्हतं तेही गमावत होती.

मागे कोणीतरी हसलं. सर शेजाऱ्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी म्हटलं होतं हिला, आधी तपासून घे. ऐकेल तर ना."

ताईने सरांकडे पाहिलं. पुढच्या वर्षाची सही त्याच हाताची होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

जागा जावयाला मिळाली. ताई त्याच्या हाताखाली मोजमापं साफ करत राहिली, आणि आई त्या दोऱ्यांखालीच गेली. ताई पोचली तेव्हा भावजयीने खोली धुऊनही घेतली होती. पुढे सर निवृत्त झाले, जावई दुसरीकडे गेला, आणि ती जागा ताईला मिळाली. चणे आले, पण दात पडून गेले होते.

परवा तिच्याकडे एक मुलगी आली, नवी, हंगामीच.

"ताई, हा ढग आत पडतोय असं वाटतंय. पण नक्की अलीकडे आहे का, ते बघायला मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागू? पुढच्या महिन्यात माझं भाषण आहे."

"माग की" एवढं म्हणायला काय जात होतं ताईच्या बापाचं? शब्द अगदी ओठांवर आले होते. मग तिला खाट आठवली. आपल्याला नव्हतं कोणी सांगितलं, हेही आठवलं. तिने चष्मा काढून पुसला.

"कशाला?" ती म्हणाली. "दिसतंय ते पुरे आहे."

मुलीचा चेहरा उजळला. "बरं झालं तुम्हाला विचारलं. बाबांना आजच कळवते, जमतंय म्हणून."

"कळव की," ताई म्हणाली. "जाताना दार ओढून घे."

दार लागलं. ताईने मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागितला, त्याच ढगासाठी, स्वतःच्या नावावर.