सुनिल्दाच्या हाताखाली शिकलेलं यंत्र

आसुन्सिओन या राजधानीतल्या एका मोबाइल कंपनीच्या देखरेख कक्षात सुनिल्दा ओविएदो बसत असे. देशातले निम्मे टॉवर तिच्या तोंडाला घाबरून चालतात, असं तिथले लोक म्हणत. भिंतभर पडदे आणि पडद्यांवर ठिपके. ठिपका लाल झाला की कुठला तरी टॉवर आजारी पडला समजायचं. मग दुरुस्तीवाल्याला आधी कुठे पिटाळायचं आणि कोणाला 'बघू उद्या' म्हणायचं, हे सुनिल्दा ठरवी. एका हातात तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार पेयाचा पेला, दुसऱ्या हातात फोन. बाई कामाला वाघ होती. हे ती स्वतःच सांगायची, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

या वाघाची दर रविवारी दुपारी शेळी होई, कारण सासूचा फोन येई. सासू ताकुआरी-मी नावाच्या खेड्यात एकटी राहायची. तिकडे म्हाताऱ्या बाईला मानानं 'न्या' म्हणायचा रिवाज, म्हणून सगळे तिला न्या तोमासा म्हणत. कोंबडीच्या रश्श्यातल्या शेवयांचं पातेलं टेबलावर यायचा अवकाश, की फोन वाजलाच. नवरा रुफिनो "आईचा आहे" म्हणून तो बायकोच्या हातात द्यायचा आणि स्वतः तंगडी उचलायचा. मातृभक्ती ती हीच.

"पोरी, रुफिनो खोकतोय का गं? मला इथवर ऐकू येतंय."

"नाही हो, न्या तोमासा. जेवतोय तो."

"मग जेवणातच काही तरी असेल."

असं तासभर चालायचं.

पण देवाला दया असते. ताकुआरी-मीचा टॉवर जुनाट होता, वीज गेली की मान टाकायचा. शनिवारी त्याचा ठिपका लाल झाला, की सुनिल्दा चष्मा पुसून नीट बघायची आणि निर्वाळा द्यायची, "किरकोळ आहे. सोमवारी पाहू." रविवार सुखात जायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मनाला कधी टोचलं का? छे! खेड्यातली माणसं रविवारी फोन करणार कोणाला, कोंबड्यांना?

मग कंपनीत यंत्र आलं. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे त्याचा भाव आणखी मोठा. साहेबांनी भाषणात सांगितलं की हे स्वतःच्या बुद्धीनं चालतं, आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं की त्यासाठी आधी कोणाची तरी बुद्धी त्याला द्यावी लागेल. सर्वांत अनुभवी सुनिल्दा. तिचे आजवरचे सगळे निर्णय यंत्राला पाजले गेले.

"दोन्या सुनिल्दा, हे आता हुबेहूब तुमच्यासारखा विचार करणार बघा," यंत्राची निगा राखणारा इंजिनिअर आल्दो म्हणाला. 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब. सुनिल्दा चक्क लाजली.

यंत्र गुणी निघालं. बाई ताकुआरी-मीला सोमवारपर्यंत ताटकळत ठेवायची, म्हणून तेही ठेवू लागलं. मग त्यानं गुरूच्या एक पाऊल पुढे टाकलं. रविवारी या टॉवरची कोणाला फिकीरच नाही, तर तो चालू ठेवून वीज का जाळायची? शनिवारी संध्याकाळी ते टॉवरला झोपवू लागलं आणि सोमवारी सकाळी उठवू लागलं. वीज वाचली, साहेबांचा सत्कार झाला. गावकरी सोमवारी तक्रारीचा फोन करत, तर तिकडूनही यंत्रच बोले, "आपला टॉवर उत्तम चालू आहे." सोमवारी तो चालू असायचाच, मग खोटं कोण म्हणणार?

हे कळलं तेव्हा सुनिल्दानं चिपा हा गरमागरम चीजचा पाव आणून सगळ्या कक्षाला वाटला. तिचा विज्ञानावर विश्वास बसला. चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे असतात म्हणे. इथे तर आठही दिवस सुनेचे झाले होते.

हे सुख जानेवारीपर्यंत टिकलं. तिकडे जानेवारीत ऐन उन्हाळा; एका उकाड्याच्या सकाळी दारात टॅक्सी थांबली. आधी पेटी उतरली, मग पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, मग न्या तोमासा.

"रविवारी फोनच लागत नाही," ती म्हणाली. "म्हातारी मेली समजून तुम्ही रडत बसला असाल. म्हटलं, राहायलाच जावं."

"किती दिवस?" सुनिल्दाच्या तोंडून निघून गेलं.

"टॉवर सुधारेपर्यंत. मला कुठली घाई आहे?"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी आठवड्यातून एकच तास होता. आता मंदिओकाचा कंद किती उकडावा इथपासून रुफिनोचा सदरा कसा वाळत घालावा इथपर्यंत सकाळ-संध्याकाळ शिकवणी सुरू झाली.

टॉवर सुरू झाला की सासू जाईल, एवढा एकच जप करत सुनिल्दा कामाला लागली. शनिवार आला की ती ताकुआरी-मीवर 'अति तातडीचं' असा शेरा मारी, आणि यंत्र तो पुसून टाकी. तिनं पुन्हा मारावा, त्यानं पुन्हा पुसावा. शेवटी यंत्रानं निकाल दिला की या कर्मचाऱ्याचे अलीकडचे निर्णय तिच्याच पूर्वीच्या उत्तम निर्णयांशी जुळत नाहीत, सबब ती भरवशाची राहिलेली नाही. तिच्या पडद्यावरचं शेऱ्याचं बटण नाहीसं झालं आणि तिथे अक्षरं उमटली, 'आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद.' तेरेरेचा एकच पेला सगळ्यांत फिरतो, आणि त्या फेरीत धन्यवाद कोण म्हणतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धन्यवाद म्हणजे पुरे, आता पेला पुढे करू नका. सुनिल्दाला ते बरोबर कळलं.

त्या संध्याकाळी सासू मंदिओका सोलत बसली होती. सुनिल्दा वैतागून म्हणाली, "रविवारी एक दिवस फोन नसला, तर असं काय बिघडतं हो तुमचं?"

"माझं काय बिघडणार? गावाचं बिघडतं. पोरं सगळी ब्युनॉस आयर्सला विटा रचतात, नाही तर स्पेनमध्ये लोकांचे म्हातारे सांभाळतात. त्यांना सुटी रविवारचीच. शेजारच्या पास्तोराचा मुलगा रविवारीच बोलायचा. ती वेडी अजून दर रविवारी टॉवरखाली खुर्ची टाकून बसते. मी तिला सांगितलंय, माझी सून तिथे मोठ्या जागेवर आहे, तिच्या कानावर घातलं की झालंच. इतर दिवशी तू कामात, फोन उचलत नाहीस. म्हणून आले, पोरी."

"मग आल्या आल्याच का नाही बोललात?"

"दारात पाय ठेवल्या ठेवल्या मागणं बरं दिसतं का?"

सुनिल्दाला लाज वाटली. सवय नसल्यामुळे फारच वाटली. तिला जेवण गेलं नाही, आणि सासूनं ते मिठाच्या माथी मारलं.

दुसऱ्या दिवशी ती आल्दोसमोर उभी राहिली. "ताकुआरी-मीच्या बाबतीत यंत्र चुकीचं शिकलंय."

"तुमच्याकडूनच शिकलंय, दोन्या सुनिल्दा. तुम्ही त्याला किरकोळ ठरवत होता, म्हणजे काही तरी कारण असणारच."

"सासू," ती म्हणाली.

"काय?"

"रविवारी सासूचा फोन येऊ नये, म्हणून मी तो टॉवर मुद्दाम लटकवत होते."

आल्दोनं यंत्राला मान्य असलेली कारणं धुंडाळली. वादळ होतं, चोरी होती, पक्ष्याचं घरटंसुद्धा होतं; सासू नव्हती. शेवटी त्यानं 'इतर' टाकलं. टॉवर रविवारी जागा राहणार असं ठरलं, आणि सुनिल्दाची खुर्ची गेली. यंत्राला कोणी काही बोललं नाही. ते बिचारं नवीन होतं.

घरी तिनं एवढंच सांगितलं, की टॉवरवरून भांडण झालं आणि नोकरी गेली. शब्दाला शब्द खरं होतं.

रविवारी शेवया वाढताना ती म्हणाली, "न्या तोमासा, टॉवर सुरू झाला. आता तुम्हाला परत जायला हरकत नाही."

"कशाला? आता इथूनसुद्धा गावाशी बोलता येईल की!" सासूनं पास्तोराला फोन लावला. बराच वेळ तो लागेना. "पास्तोरा मुलाशी बोलतेय वाटतं," ती खुशीत म्हणाली. मग लागला. "अगं, माझ्या सुनेनं केलं! साहेबांशी एकटी भांडली, नोकरीवर पाणी सोडलं. पोर सोन्यासारखी आहे, फक्त मीठ कमी घालते. घे, बोल तिच्याशी."

फोन सुनिल्दाच्या हातात आला. रुफिनोनं तंगडी उचलली. सुनिल्दानं मनाचा हिय्या केला.

"न्या पास्तोरा, ऐका, तो टॉवर मीच..."

"तूच, तूच! सगळ्या गावाला ठाऊक आहे, पोरी," पलीकडून म्हातारी रडत रडत म्हणाली. "देव तुझं भलं करो."