जाळीतला कोबी

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुझ्यापाशी का बोलते आहे — तेही मला नीट कळत नाही.

नवरा जपानात, कोबे शहरातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. मी शहराबाहेरच्या एका शेतकी केंद्रात बाइतो करते, म्हणजे रोजचं चार तासांचं काम. माझी शाळा चौथीपर्यंत. केंद्रात परदेशातले सरकारी लोक शिकायला येतात. त्यांच्याकडे पूर्वी शेती सरकारची होती. आता ती घराघरांत वाटली गेली आणि माल बाजारात विकायचा. मग जो तो भरमसाट औषध मारतो, पाटाचं पाणी नासतं. त्यावर सरकारनं काय नियम करावा, हे ते इथे बघतात. मला एवढंच समजलं — तेही दिलबारनं सांगितलं म्हणून.

दिलबार उझबेकिस्तानातली मोठी अधिकारी. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेली. मला बहन म्हणायची, माझ्या डब्यातली चपाती हक्कानं उचलायची.

कोबीचे दोन वाफे होते. एकावर फवारणी, दुसऱ्यावर नुसती जाळी. जाळीतल्या अळ्या हातानं वेचायचं काम माझं. एकदा सुट्ट्यांच्या आधी मी जाळीची कड दाबायला विसरले. परत येऊन बघते तर पानोपानी अळ्या. आणि पाहुणे त्याच आठवड्यात वाफा बघणार. शेत सांभाळणाऱ्या सातोसानना सांगायला हवं होतं ना? ते रागावलेही नसते. पण मला तोंड उघडायचीच लाज वाटते — कुठल्याही भाषेत. शेजारच्या वाफ्याचा पंप घेतला आणि मारलं औषध. खाल्लेली वरची पानं काढून टाकली.

पाहुण्यांनी फोटो काढले. सातोसाननी माझ्या हातांचं कौतुक केलं. मी वाकले.

सगळे गेल्यावर दिलबार मागे थांबली.

“बहन, मेरे किसान मेरी बात मानेंगे. सच बोलो, दवा नहीं मारी?”

“नहीं.”

का म्हणाले? तिनं तर विचारलंच होतं.

परत जाऊन तिनं आपल्या भागात नियम करून घेतला — फवारणी सोडेल त्यालाच सरकारी मदत. पहिल्याच वर्षी अळ्यांनी कोबी खाल्ला. यात माझं किती? मी इथली जाळी नीट लावली असती तर औषधाशिवायही कोबी तसाच आला असता — की नसता? ते आता कुणालाच कळणार नाही. मीच ते बिघडवून ठेवलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. लोक शिव्या घालतात म्हणाली, आणि हसली. मग विचारलं, तुझ्या हातांना असं काय येतं, जे आमच्या बायकांना येत नाही?

सांगता आलं असतं. मी म्हणाले, उजाडायच्या आत वेचा, तेव्हा अळ्या सुस्त असतात.

आता तिथल्या बायका अंधारात उठून शेतात जातात.