‘माहीत नाही’ला जागा नाही

ऑफिसात त्यांना मास्तरीणबाई म्हणत. जन्मात कुणाला शिकवायला न गेलेल्या या बाईंचा गुन्हा एवढाच, की कोडमध्ये कुठे काय येणार हे आधी ठरवल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. स्क्रीनच्या प्रत्येक तुकड्याने, म्हणजे कंपोनंटने, आपल्याला काय मिळायला हवं ते जाहीर करायचं. भलतंच काही आलं की कोड तपासणारा कंपायलर लाल रेघ मारणार. बाकीची मंडळी या रेघांकडे शेजारच्या घरातल्या भांडणासारखं पाहत. ऐकू येतं, पण आपलं काय जातं?

शाळेच्या बसचं ॲप बाईंनी बांधलं. मूल कुठे आहे, याच्या चार अवस्था टाइपमध्ये, म्हणजे कुठे कोणती माहिती चालेल हे ठरवणाऱ्या साच्यात, पक्क्या केल्या: बसमध्ये, उतरलं, गैरहजर आणि माहीत नाही. बसमधल्या यंत्राचा संपर्क तुटला, की खरं उत्तर चौथंच असतं. ही अवस्था एकाच जागी ठेवायची; प्रत्येक स्क्रीनने तिथेच येऊन विचारायचं, स्वतःची वेगळी नोंद बाळगायची नाही.

साहेबांना चौथी रुचली नाही.

“मॅडम, ‘माहीत नाही’ ऐकायला लोक पैसे देतात का?”

“खोटं ऐकायला देतात?”

“खोटं कुठे? शेवटचं जे कळलंय ते दाखवा. हिरव्यात.”

बाई रजेवर गेल्या तेवढ्यात चौथी अवस्था उडवली गेली. कंपायलरने जागोजागी लाल रेघा मारल्या, तर तिथे ‘काहीही चालेल’ असा टाइप लावून त्याचं तोंड बंद करण्यात आलं. ज्याने हे केलं त्याला त्या महिन्याचा तत्परतेचा बिल्ला मिळाला.

मग एका संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

“ताई, सकाळपासून तुझं ॲप हिरवंगार. पोर बसमध्ये म्हणे. बस दारावरून गेली, पोर उतरली नाही. तासाभराने शाळेचा वॉचमन सांगतोय, ती फाटकाशी एकटी रडत बसलीय. मी कुणाच्या नावाने बोटं मोडू?”

“माझ्या.”

“ती मोडून झाली. पुढचं बोल.”

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. सकाळी मुलगी बसमध्ये चढल्यावर संपर्क तुटला होता आणि ॲप दिवसभर तेच धरून बसलं होतं, हे सगळ्यांनी मान्य केलं. चौथी अवस्था परत आली. फक्त तिचं नाव ‘अपडेट होत आहे’ ठेवलं आणि रंग फिकट हिरवा, कारण राखाडी रंगाने ग्राहक खिन्न होतो.

“फिकट हिरवा म्हणजे आम्हाला पत्ता नाही, हे आईबापांना कोण सांगणार?” बाईंनी साहेबांना विचारलं.

“कळतं हळूहळू लोकांना.”

“तोवर पोरं कुठे उभी करायची?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बैठक संपली.

बाई जागेवर आल्या, त्यांनी सगळ्यांदेखत शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला. “आमच्या ॲपवरच्या हिरव्यावर विसंबू नका, फिकट असो की गडद. पोरं बघायला माणूस ठेवा.”

तासाभरात त्यांचा पासवर्ड चालेनासा झाला. एक मूल कुठे आहे हे कळायला जिला अख्खा दिवस पुरला नाही, त्या कंपनीला बाई नेमक्या कुठे बसतात ते जेवणाच्या सुट्टीच्या आत सापडलं.

शाळेने ॲप थांबवलं. आता सुटल्यावर बसच्या दारात एक शिक्षिका उभी राहते, एकेकाला नावाने हाक मारते, आणि ज्याची ओ येत नाही त्याला शोधून आणल्याशिवाय बस हलत नाही.