बुच्याचा डावा कान

सांस्कृतिक भवनाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे बाहुलीकाराचं राज्य. भिंतीवर टांगलेल्या कळसूत्री बाहुल्या, खिडकीखाली पटाश्या आणि सरसाचं भांडं, कोपऱ्यात बाहुल्यांचे झगे शिवत बसलेली बायको. आजोबांपासून चालत आलेली ही खोली. या वर्षी तिच्यावर गंडांतर आलं.

भवनाच्या व्यवस्थापक बाई स्वभावाने सरळ. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "काका, वरून आदेश आलाय. ज्या कलेचा जन्म इथला, तिलाच इथे जागा. बाकीच्यांनी खोल्या सोडायच्या. तुमचा बुचा तुमच्याच घरात जन्मला ना?"

"मग काय तर. आजोबांच्या हातून पटाशी निसटली, डावा कान उडाला, तेव्हापासून तो बुचा. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"झालं तर. खंडभरातले बाहुलीवाले मेळाव्याला येतायत. शेवटच्या दिवशी तुमचा खेळ झाला की वरून येणाऱ्या साहेबांसमोर एवढंच सांगा. खोली तुमची."

बुचा म्हणजे राजाचा नोकर. राजा "थांब" म्हणाला की हा पठ्ठ्या कान नसलेली बाजू पुढे करणार आणि ऐकूच न आल्यासारखा नाचत राहणार. बस, एवढंच. पण तेवढ्यावर तीन पिढ्यांनी घर चालवलं होतं.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी सीमेपलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपली पेटी उघडली. वरच एक विदूषक होता. रंग वेगळा, टोपी वेगळी. पण डावा कान गायब. बाहुलीकार बघतच राहिला.

"डोळे काय फाडताय?" बायको म्हणाली. "त्यांचाही तुटला असेल."

"नेमका डावा?"

दुभाष्याला मध्ये घालून विचारलं. बाईंच्या आजेसासऱ्यांच्या कुत्र्याने म्हणे तो कान चावून टाकला होता. शेजारी उभ्या असलेल्या दाढीवाल्याने हे ऐकलं आणि आपलाही विदूषक काढून दाखवला. त्याच्या पणजोबांची नाव उलटली होती आणि कान माशाने खाल्ला होता.

"एवढासा कान," बायको म्हणाली, "आणि खाणारे बघा किती."

बाहुलीकाराला हसू आलं नाही. संध्याकाळी तो म्हाताऱ्या बाईंचा खेळ बघायला बसला. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. राजाने हात वर केला. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच बाहुलीकार खो खो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळं सभागृहच हसतंय. नऊ देशांची माणसं, एकमेकांना पाणी मागायचं तर हातवारे करणारी, आणि हसली मात्र एकाच क्षणाला. यांना हे कुणी शिकवलं? आजोबांनी? की आजोबांनाच कुणी शिकवलं होतं?

त्याचं डोकं चालेना. आजोबा थापा मारत होते म्हणावं, तर आजीही तेच सांगायची. ती पाहुणी म्हातारी खोटं बोलते म्हणावं, तर ती कुत्र्याचा रंगसुद्धा सांगत होती. आजोबा तरुणपणी कुठेकुठे हिंडले होते, एवढं त्याने ऐकलं होतं. कुठे, ते विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"आता काय सांगणार आहात?" बायकोने विचारलं.

"तेच तर कळत नाही."

शेवटच्या दिवशी सकाळी त्याला एक युक्ती सुचली. त्याने लाकडाचा तुकडा घेतला, सुबक डावा कान कोरला, सरस लावून बुच्याला बसवला आणि रंगवला.

"हे काय आता?" बायको सुई हातात धरून थांबली.

"सगळ्यांचे बिनकानाचे. कानवाला फक्त आपला. आता कोण म्हणेल हा दुसऱ्याचा?"

"कुणीच नाही म्हणणार," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

खेळ सुरू झाला. राजा गरजला, "थांब." बुच्याने डावी बाजू पुढे केली, नाचत राहिला. सभागृह गप्प. पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला काहीतरी विचारत होती. मागून एका चिमुरडीचा आवाज आला, "आई, बुचा कधी येणार?" बाहुलीकाराने दोऱ्या जोरजोरात हलवल्या. चांगला धडधाकट, दोन कानांचा बुचा नाच नाच नाचला, आणि एकही माणूस हसला नाही.

खेळ संपल्यावर व्यवस्थापक बाईंनी त्याच्या हातात माइक दिला. पहिल्या रांगेत साहेब बसले होते. "सांगा काका, हा आपल्याच इथे जन्मला ना?"

त्याने हातातल्या बाहुलीकडे पाहिलं. "हा? हो. हा आमच्याच घरात जन्मला. आज सकाळी." मग जरा थांबून म्हणाला, "पण तुम्ही विचारताय तो वेगळा. तो कुठला, ते मला आता सांगता येत नाही."

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींना वाटलं, हाही खेळातलाच भाग. साहेबांनी घड्याळ बघितलं.

पंधरवड्यात खोली रिकामी झाली. व्यवस्थापक बाईंना वाईट वाटलं. सामान न्यायला टेम्पो त्यांनीच मिळवून दिला. आता पटाश्या घरी गॅलरीत असतात आणि सरसाच्या वासावरून बायको दिवसातून दोनदा बोलते. म्हातारीच्या विदूषकाच्या डोक्याला परतीच्या प्रवासात तडा गेला होता. नवं डोकं करून पाठवाल का, असा तिचा निरोप आला. त्याने ते मन लावून कोरलं, डाव्या बाजूला काहीच ठेवलं नाही. मग उलटं धरून बराच वेळ बसला.

"अहो, झालं ना? गुंडाळू का?" बायकोने विचारलं.

"मानेखाली आमच्या घराण्याची खूण कोरतो मी नेहमी. यावर कोरू?"

"तुम्हीच केलंय ना?"

"केलंय मीच," तो म्हणाला. पटाशी त्याने उचलली, पण टेकवली नाही.